डोहाळजेवणात मद्य ठेवावे की ठेवू नये?

प्रश्न: नणंदबाई (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. माझ्या वहिनीला सातवा महिना लागला असून मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी येथे दादाच्या घरीच तिचे डोहाळजेवण करण्याचे ठरले आहे. वहिनीची आई सांगलीहून आलेली आहे, माझे आईबाबा पुढच्या आठवड्यात पोहोचतील आणि पाहुणे साधारण चाळीस असतील. त्यांपैकी निम्मे मराठी, काही गुजराती आणि तेलुगू शेजारी, आणि दहा-बारा जण वहिनीच्या ऑफिसातील अमेरिकी सहकारी. सकाळी ओटी, हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी हे सारे रीतीप्रमाणे होईल आणि जेवणे आटोपली की येथल्या पद्धतीचा बेबी शॉवर, म्हणजे खेळ, केक आणि भेटी उघडणे, असा बेत आहे.

अडचण अशी की, वहिनीच्या एका जिवलग अमेरिकी मैत्रिणीने दुपारच्या भागाची जबाबदारी आपणहून अंगावर घेतली आणि त्यात ‘मिमोसा बार’ मांडण्याचे सुचवले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, फसफसणाऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये संत्र्याचा रस मिसळला की त्याला मिमोसा म्हणतात. येथे रविवारच्या उशिराच्या न्याहारीला तो सर्रास असतो. दादाला यात काही गैर वाटत नाही. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणाली, ज्याचा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळतो. वहिनीला आम्ही सगळ्यांसमोर विचारले, तर ‘मला चालेल, मी काही पिणार नाहीच आहे’ असे तिने हसून सांगितले.

जिच्यासाठी समारंभ आहे तिलाच जे चालत नाही ते इतरांनी तिच्यासमोर घेणे शिष्टाचाराला धरून आहे का? नको म्हणायचे ठरले, तर मैत्रिणीचे मन न दुखावता कसे सांगावे? आणि ठेवायचेच ठरले, तर कोणती पथ्ये पाळावीत? येथे किंवा भारतात ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १: पिस्कॅटवेच्या काकू

आम्हाला या राज्यात येऊन आता तीस वर्षे होत आली आणि माझ्या दोन्ही मुलींची धरून पंधरा-सोळा डोहाळजेवणांत तरी मी पदर खोचून राबले आहे, म्हणून थोड्या अधिकाराने लिहिते. शॉवरला मद्य असलेच पाहिजे अशी अमेरिकी पाहुण्यांची अपेक्षा असते, हा आपल्या लोकांचा गैरसमज आहे. दुपारच्या शॉवरमध्ये मिमोसा ठेवण्याची चाल येथे आहे हे खरे, पण केक, फळांचे पंच आणि कॉफी एवढ्यावर उरकलेले शॉवरही मी तितकेच पाहिले आहेत, आणि चर्चच्या सभागृहात होणाऱ्या शॉवरमध्ये तर बहुधा तेवढेच असते. तुमच्या वहिनीच्या मैत्रिणीने हौसेपोटी सुचवले आहे. तिला सरळ शब्दांत सांगितले की ‘हा आमच्याकडचा धार्मिक विधीही आहे आणि घरातली वडीलधारी माणसे त्याच खोलीत असणार आहेत’, तर ती मुळीच रागावणार नाही. येथल्या लोकांना आडून सांगितलेले कळत नाही, सरळ सांगितलेले मात्र चटकन कळते.

मला खटकले ते तुमचे ‘सगळ्यांसमोर विचारले’ हे शब्द. नवरा, नणंद, आई आणि मैत्रीण समोर बसलेली असताना कोणती गरोदर मुलगी ‘मला नको’ असे म्हणेल? तिला एकटीला गाठा. रात्री पायाला तेल लावून देताना विचारा, भाजी निवडताना विचारा, आणि विचारताना ‘चालेल का’ असे न विचारता ‘तुला काय हवे आहे’ असे विचारा. ‘चालेल’ या शब्दाखाली आपल्या बायकांनी आजवर किती गोष्टी झाकल्या आहेत, त्याची गणती नाही.

आता माझा अनुभव सांगते. थोरल्या मुलीच्या वेळी जावयाच्या मित्रांच्या आग्रहाखातर आम्ही बाहेरच्या डेकवर वाइन आणि बिअर ठेवली. कोणी झिंगले नाही, कोणी वावगा शब्द उच्चारला नाही, सगळे सभ्य होते. पण भेटी उघडण्याची वेळ झाली तेव्हा दिवाणखान्यात मुलगी, मी, विहीणबाई आणि शेजारच्या दोन शाळकरी मुली एवढ्याच उरलो होतो. बाकीची मंडळी डेकवर गप्पांत रंगली होती. पिवळ्या लोकरीची एवढीशी टोपी हातात धरून मुलगी दाराकडे पाहत राहिली, मग तिने ती टोपी खोक्यात परत ठेवली आणि ‘नंतर उघडू’ म्हणाली. मद्याने कार्यक्रमाला बट्टा लागला असे मी म्हणणार नाही, पण गर्दीचा मध्य हलला. जेथे पेले असतात तेथे माणसे गोळा होतात आणि जिला उभे राहवत नाही ती बिचारी कोचावर एकटी पडते.

धाकटीच्या वेळी मद्याचा थेंबही ठेवला नाही, तरीही बोलणी खाल्लीच. त्या वेळी मी उंच दांडीच्या काचेच्या पेल्यांत कोकम सरबत दिले होते. रंग तुम्हाला ठाऊकच आहे. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने आणि हातात लालबुंद पेला असा मुलीचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला आणि अर्ध्या तासात नाशिकहून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला, ‘अगं, निदान ओटी होईपर्यंत तरी थांबायचं!’ त्यानंतर पाऊण तास मी त्यांना सरबताची कृती सांगत होते. तेव्हा सरबत द्याल ते साध्या पेल्यांत द्या.

प्रतिसाद २: परखड

मंगल कार्यात मद्य ठेवावे का, हा प्रश्नच पडावा याचे आश्चर्य वाटते. ओटीच्या तबकात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी, आणि शेजारच्या टेबलावर बाटल्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. डोहाळजेवण हा संस्कार आहे, पार्टी नव्हे. परदेशी राहायला गेलो म्हणून आपले सोडून त्यांचे धरण्याची काही गरज नाही. याहून अधिक चर्चेचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद ३: ओपीडीतून

मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. परखड यांच्याशी निष्कर्षापुरती मी बरीचशी सहमत आहे, मात्र त्यांच्या कारणाशी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे म्हटले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाच्या हृदयाची अभिव्यक्ती होते, म्हणून दोन हृदये असलेल्या त्या स्त्रीला दौहृदिनी म्हणावे आणि तिला जे जे हवेसे वाटेल ते पुरवावे. आपला डोहाळे हा शब्द याच दोहद-दौहृदाच्या कुळातला आहे. म्हणजे या जेवणाचे प्रयोजनच मुळी तिची इच्छा हे आहे. पाहुण्यांची नव्हे, सासूची नव्हे आणि संस्कृतीच्या नावाने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचीही नव्हे. काकूंनी ‘एकटीला विचारा’ म्हटले आहे, ते या अर्थाने अगदी शास्त्रोक्त आहे.

वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडते. गर्भवतीने घेतलेले मद्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि ‘एवढे घेतले तर चालते’ असे सांगता येईल असे कोणतेही सुरक्षित प्रमाण ज्ञात नाही. मद्यामुळे गर्भात निर्माण होणाऱ्या दोषांचे वर्णन फ्रान्समध्ये १९६८ साली आणि सिएटल येथील डॉक्टरांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी गर्भवतींना मद्याबाबत सावधगिरीचा सल्ला १९८१ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो अधिक ठामपणे पुन्हा दिला. १९८९ पासून त्या देशात विकल्या जाणाऱ्या मद्याच्या प्रत्येक बाटलीवर सरकारी इशारा छापलेला असतो आणि त्यातील पहिलेच वाक्य गर्भवती स्त्रियांना उद्देशून आहे. म्हणजे तुमच्या मिमोसा बारवर जितक्या बाटल्या मांडाल तितक्या वेळा ते वाक्य तुमच्या वहिनीकडे तोंड करून उभे राहील. मला स्वतःला ते फार विचित्र वाटते, पण हे माझे वैयक्तिक मत झाले. इतरांनी तिच्या शेजारी बसून वाइन घेतल्याने बाळाला काही इजा होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण अशा वेळी घरातल्या बायका नको त्या भीती घालतात.

दोन गोष्टी मात्र यजमानांच्या हमखास नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे अमेरिकेत ‘नॉन-अल्कोहोलिक’ असे लिहिलेल्या वाइनमध्ये किंवा बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो. मुळीच नको असेल तर बाटलीवर शून्य टक्के लिहिलेले आहे का, ते पाहावे लागते. वहिनीला ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून कोणी अशी बाटली आणली, तर ती उघडण्यापूर्वी वाचावी. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. चाळीस पाहुण्यांत एखादी दुसरी तरुणी अशी असू शकते की जिला स्वतःला नुकताच दुसरा महिना लागला आहे आणि तिने अजून कोणाला सांगितलेले नाही. सर्वांच्या हाती वाइन आणि तिच्या हाती पाणी असले की दहा बायका तिच्याकडे पाहून एकमेकींना खुणावतात. ज्या जोडप्याला उपचार घेऊनही मूल होत नाही, त्यांच्याही वाट्याला अशाच नजरा येतात. मद्य ठेवायचेच असेल, तर बिनमद्याचे पेय त्याच टेबलावर, त्याच पेल्यांत आणि तितक्याच थाटात ठेवावे. कोपऱ्यात प्लास्टिकच्या जगमध्ये नव्हे. काकूंच्या जाऊबाईंचा फोन आला तरी हरकत नाही.

प्रतिसाद ४: कागद आधी वाचा

मी न्यू जर्सीत विम्याच्या दाव्यांचे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष पाहुण्यांच्या गाड्यांकडे जाते. एडिसनमध्ये चाळीस पाहुणे म्हणजे किमान पंधरा-वीस गाड्या, आणि त्यातील निम्म्या तरी हायवेवरून परत जाणार. या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘केली विरुद्ध ग्विनेल’ या खटल्यात असा निर्णय दिला की, घरी आलेल्या पाहुण्याला तो गाडी चालवणार आहे हे माहीत असूनही झिंगेपर्यंत मद्य पाजले आणि त्याच्या हातून अपघात झाला, तर जखमी झालेल्या तिऱ्हाइताला भरपाई देण्याची जबाबदारी यजमानावरही येते. त्या खटल्यातील यजमान काही बेफिकीर माणूस नव्हता. त्याने पाहुण्याला गाडीपर्यंत सोबत केली, दोन शब्द बोलून निरोप दिला आणि काही वेळाने, आपण नेहमी करतो तसाच, नीट पोहोचला का हे विचारायला त्याच्या घरी फोन केला. तेव्हा त्याला अपघाताची बातमी कळली. पुढे विधिमंडळाने कायदा करून ही जबाबदारी डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतक्या झिंगलेल्या पाहुण्यापुरती मर्यादित केली, पण ती संपवली नाही.

तेव्हा मद्य ठेवणार असाल तर ते शेवटी न ठेवता जेवणाबरोबर ठेवा आणि निघण्याच्या किमान दीड तास आधी बंद करा. पेला भरून देण्याचे काम एका जबाबदार माणसाकडे द्या, ‘आपापले घ्या’ असे ठेवू नका. एकवीस वर्षांखालील मुलांकडे विशेष लक्ष द्या, कारण संत्र्याच्या रसाचा जग आणि मिमोसाचा जग शेजारी असले की आठ वर्षांचा मुलगा चुकीच्या जगाला हात घालतो. हे मी एका वाढदिवसाला डोळ्यांनी पाहिले आहे आणि मुलाने तोंड वाकडे केले म्हणून ते वेळेत कळले.

घराऐवजी रेस्टॉरंटचा विचार असेल, तर येथे मद्यपरवाना नसलेल्या अनेक ठिकाणी पाहुण्यांना स्वतःची वाइन किंवा बिअर नेता येते, मात्र व्हिस्की वगैरे नेता येत नाही. देवळाचे सभागृह घेणार असाल, तर हा सारा प्रश्नच मिटतो.

प्रतिसाद ५: वसईकर

परखड यांना उद्देशून आदरपूर्वक लिहितो. आम्ही वसईचे मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी बाळाच्या बाप्तिस्म्याच्या मेजवानीत वाइन असते, पेला उंचावून बाळाला शुभेच्छा दिल्या जातात आणि माझी ऐंशीच्या घरातली आजीही दोन घोट घेते. त्यामुळे ‘मंगल कार्य आणि मद्य’ हे दोन शब्द एकत्र आले की विटाळ झाला, ही समजूत सर्व मराठी माणसांची नाही. पण गंमत पाहा, त्याच आजीने माझ्या बायकोच्या सातव्या महिन्याच्या जेवणाला बाटली काढू दिली नाही. बाळ बाहेर आले, आईने त्याला मांडीवर घेतले, की मग पेला उंचवायचा. तोवर जिच्या पोटात ते आहे तिच्याबरोबर आपणही थांबायचे, असे तिचे सरळ म्हणणे होते. मला तरी हा सर्वांत सुसंस्कृत नियम वाटतो.

याउलट मी पुण्या-मुंबईच्या कितीतरी ‘शुद्ध’ समारंभांत असे पाहिले आहे की, मंडपात पन्हे फिरत असते आणि पार्किंगमध्ये एका गाडीची डिकी उघडी असते. काकेमंडळी एकेक करून ‘गाडी जरा सावलीत लावून येतो’ म्हणून जातात आणि बडीशेप चघळत परत येतात. बायकांना सर्व ठाऊक असते. हा प्रकार मला टेबलावर उघडपणे ठेवलेल्या वाइनपेक्षा अधिक अपमानकारक वाटतो. तुमच्या दादाच्या मित्रांपैकी कोणी त्या वळणाचे असेल, तर त्याला आधीच बजावून ठेवा.

जाता जाता, भारतात हाच बेत करणाऱ्यांसाठी एक माहिती. महाराष्ट्रात हॉलमध्ये मद्य द्यायचे झाल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढावा लागतो आणि पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यांसाठी २५ अशी आहे. हॉलवाले ‘सगळं होऊन जाईल’ म्हणतात, त्यावर विसंबू नये.

नणंदबाई (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काकू, तुमचे ऐकून मी वहिनीला एकटीला गाठले. काल रात्री ती आणि मी ओटीच्या तयारीची खारीक-बदामाची पुडकी बांधत बसलो होतो, तेव्हा ‘तुला काय हवे आहे’ असेच विचारले. बराच वेळ ती पुडक्याला दोरा गुंडाळत राहिली आणि मग जे म्हणाली ते आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. कोणी वाइन घेतली तर तिला काहीच वाटत नाही, पण तिसऱ्या महिन्यापासून तिला संत्र्याचा वास मुळीच सहन होत नाही. ऑफिसात कोणी संत्रे सोलले तरी ती उठून जाते. आणि हे त्या मैत्रिणीला सांगायचा तिला संकोच वाटत होता, कारण ती मैत्रीण दर आठवड्याला प्रेमाने ताज्या संत्र्यांची पिशवी आणून देते. त्या पिशव्या इतके दिवस दादा गुपचूप संपवत होता.

मैत्रिणीला मीच फोन केला आणि काकूंनी सुचवल्याप्रमाणे काहीही न झाकता दोन्ही गोष्टी सांगितल्या, विधीची आणि वासाची. ती आधी खूप हसली, मग संत्र्यांबद्दल तिने क्षमा मागितली आणि आता पन्ह्याचा व कोकमाचा ‘बार’ ती मांडणार आहे. त्यासाठी आमसुले कुठे मिळतात, हे तिने मला तीनदा विचारले. दुकानातली शून्य टक्के लिहिलेली सफरचंदाची फसफसणारी पेयेही ठेवू. दादाच्या मित्रांना, वसईकरांच्या आजींच्या नियमानुसार, बाळ घरी आल्यावर वेगळे बोलावण्याचे ठरले आहे आणि डिकीबद्दल दादाने त्यांना निरोप धाडला आहे. भेटी जेवण झाल्याबरोबर, सर्व जण खोलीत असतानाच उघडायच्या.

आईला हे सर्व कळवले तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले की पेले कसले आहेत. काचेचे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘राहू देत, मी येताना घरची फुलपात्रं घेऊन येते.’ चाळीस फुलपात्रांचे वजन किती भरेल, हा हिशेब आता बाबा करत आहेत.